हिवाळ्यात दुचाकी: आधी वारा अडवा

पहाटे पारा 8 अंशांवर असेल आणि गाडी 60 च्या वेगाने चालली असेल, तर उघड्या कातडीला गारठा जवळपास 2 अंशांचा लागतो. वेग 40 वर आणला तरी फरक जेमतेम अंशभराचा. म्हणजे हळू चालवून थंडी कमी होत नाही, आणि स्वेटरवर स्वेटर चढवूनही होत नाही, कारण लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो. घरात किंवा एसटीत पुरून उरणारा स्वेटर गाडीवर नुसती चाळणी. सगळ्यांत बाहेर वारा अजिबात न शिरणारा एक थर हवा. तो नसेल तर आतले सगळे कपडे वाया.

गारठ्याचा खरा धोका सर्दीचा नाही, बोटांचा आहे. बोटं बधिर झाली की ब्रेकचा लिव्हर किती दाबला गेला हे कळत नाही, क्लच झटक्याने सुटतो, इंडिकेटर बंद करायचा राहून जातो. 60 च्या वेगात एका सेकंदाला गाडी जवळपास 17 मीटर पुढे जाते. बधिर बोटांनी तो एक सेकंद सहज खाल्ला जातो.

निघायची वेळ

सगळ्यांत स्वस्त उपाय घड्याळात आहे. रात्रभरातलं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्योदयाच्या आसपास असतं, आणि धुकंही बहुतेक तेव्हाच सर्वांत दाट. पाचला निघण्याऐवजी साडेसात-आठला निघालात तर थंडी, धुकं आणि अंधार तिन्हीतून सुटका होते. दूधवाले, पेपरवाले, एमआयडीसीत पहिली पाळी असणारे यांना हा पर्याय नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं. पण सहलीला निघालेल्यांनी ‘लवकर निघून ट्रॅफिक चुकवू’ हा हिशेब डिसेंबर-जानेवारीत बाजूला ठेवावा.

मार्गही पाहून घ्या. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन नदीकाठी, ओढ्यात, सखल भागात साचते. त्यात भिजवलेलं शेत असेल तर गारठा आणखी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. तिथल्या द्राक्षबागांमधून किंवा गोदाकाठाने जाताना, पूल आला की अचानक अंगावर काटा येतो तो यामुळेच. अशा पट्ट्यात शिरण्याआधीच जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घ्या, मध्ये शिरल्यावर एका हाताने खटपट करू नका.

अंगावर काय

आतला थर अंगाला चिकटून बसणारा थर्मल. सुती बनियन नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तेच गार पडतं. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी.

या ‘काहीतरी’साठी दहा हजारांचं रायडिंग जॅकेट लागत नाही. पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेला रेनकोट खाली काढा. स्वेटरवर चढवला की महागड्या नुसत्या स्वेटरपेक्षा जास्त ऊब देतो. तोटा एकच, घाम आत अडकतो, म्हणून चहाला थांबलात की चेन उघडा. रायडिंग जॅकेट असेल तर तपासा: बरीचशी जाळीची असतात, उन्हाळ्यासाठी. त्यांचं आतलं पावसाळी अस्तर जोडल्याशिवाय ती थंडीत निकामी. पडल्यावर घसटण्यापासून मात्र जॅकेटच वाचवतं, रेनकोट नाही. जॅकेट असेल तर रेनकोट त्यावर घाला, त्याच्या ऐवजी नाही.

काहीच नसेल तर वर्तमानपत्र. चार-पाच पानं घडी करून छातीवर, स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये. जुना उपाय आहे आणि खरा आहे. गावाकडे जर्किन उलटं, चेन पाठीमागे करून घालतात तेही याच कारणाने: वारा चेनमधूनच शिरतो. फक्त कॉलर गळ्याला काचत नाही ना आणि हात पूर्ण वळतात ना, हे उभं राहून हँडल डावी-उजवीकडे फिरवून पाहा.

तीन फटी लोक विसरतात. पहिली गळ्याची. दुसरी कमरेची: पुढे वाकून बसलं की जॅकेट मागून वर सरकतं आणि पाठीचा पट्टा उघडा पडतो, तिथे थर्मल पँटमध्ये खोचलेलाच हवा. तिसरी मनगटाची. हातमोज्याचा कफ बाहीच्या आत जातोय की वर येतोय यापेक्षा दोन्हींमध्ये कातडी दिसत नाही ना, हे महत्त्वाचं.

गळ्यासाठी नळीसारखा बफ उत्तम. मफलर असेल तर दोन्ही टोकं जॅकेटच्या आत, आणि शाल अंगाभोवती गुंडाळून गाडी चालवणं तर बंदच करा. सुटलेलं टोक चेन-स्प्रॉकेटमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं की गळ्याला फास बसतो. मागे बसणाऱ्यांच्या ओढणीला आणि पदरालाही हेच लागू, साडी-गार्ड असला तरी.

हात

इथे पैसे वाचवू नका. वारा सरळ बोटांवर येतो आणि शरीर गार पडू लागलं की ते हातापायांचं रक्त आधी कमी करतं. म्हणूनच छाती उबदार ठेवली की बोटंही उबदार राहतात. नुसते हातमोजे बदलून न सुटलेला त्रास कित्येकदा आतल्या थर्मलने सुटतो.

हातमोजे घेताना एक माप सैल घ्या. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही, आणि ऊब धरायला हवेची जागाच उरत नाही. आत पातळ लायनर म्हणजे अस्तराचा मोजा, बाहेर चामड्याचे किंवा वाराबंद कापडाचे, अशी जोडी सर्वांत सोयीची. विणलेले लोकरीचे मोजे एकटे घालू नका: वारा शिरतो आणि रबरी ग्रिपवर घसरतात. अडीअडचणीला मेडिकलमध्ये मिळणारे पातळ रबरी मोजे आत घातले तरी वारा थांबतो, तास-दीड तास निभतो.

दुकानातच परीक्षा घ्या. मोजे घालून दोन बोटांनी ब्रेक दाबा, अंगठ्याने इंडिकेटर आणि हॉर्न चाचपा, किल्ली फिरवा. जमत नसेल तर मोजे कितीही उबदार असोत, परत द्या.

हँडलला लावायचे कापडी मफ दूधवाल्यांच्या गाड्यांवर दिसतात. ऊब भरपूर देतात, पण हात झटकन बाहेर काढता येतो का आणि त्यांच्या वजनाने ब्रेकचा लिव्हर दाबला जात नाही ना, हे पाहा. प्लॅस्टिकचे हँडगार्ड हा मधला मार्ग. गरम ग्रिप बसवायचे असतील तर ते साधारण 30-40 वॅट खातात. लहान गाडीच्या चार्जिंगला तो भार झेपतो का, हे आधी वायरमनकडून पाहून घ्या, नाहीतर पहाटे बॅटरी झोपलेली मिळेल. थांबल्यावर सायलेन्सरला हात शेकण्याची सवय सोडा. बधिर बोटांना भाजल्याचं उशिरा कळतं, आणि सिंथेटिक मोजा वितळून कातडीला चिकटतो.

पायांसाठी घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि एकच जाड लोकरीचा सॉक्स. घट्ट बुटात दोन सॉक्स कोंबले तर पाय उलट जास्त गारठतात. गुडघे वाऱ्यात अगदी पुढे असतात, पँटीच्या आत नीकॅप घाला.

हेल्मेट आणि काच

कानटोपी हेल्मेटच्या आत घालू नका. जाड विणीमुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, पडताना फिरतं किंवा निसटतं. डोकं आणि मान झाकणारा पातळ बालाक्लाव्हा चालतो, पण तो घालूनही पट्टा तितकाच आवळला जायला हवा. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएस 4151 चं चिन्ह असलेलं.

काचेवर वाफ धरते ती श्वासाने: ओला गरम श्वास गार काचेवर आदळतो. हनुवटीजवळचा झरोका उघडा ठेवा, थंड लागलं तरी. बफ नाकावरून ओढलात तर श्वास सरळ वर काचेवर आणि चष्म्यावर जातो, म्हणून तो नाकाखालीच ठेवा. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेच्या आतल्या बाजूला पसरून सुक्या मऊ फडक्याने दिसेनासा होईपर्यंत पुसला तर एक-दोन दिवस फरक पडतो. रोज पहाटे जाणाऱ्यांनी सरळ पिनलॉकची, म्हणजे वाफ न धरणारी आतली जोडकाच बसवावी, मात्र हेल्मेटच्या काचेला तिच्या खुंट्या आहेत का ते पाहून. काळी काच अंधारात अजिबात नको.

गाडी

टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना तपासा. दुपारच्या 32 अंशांत 29 पीएसआय भरलेली हवा पहाटेच्या 10 अंशांत जवळपास 3 पीएसआयने कमी झालेली असते. टायरही पहिले काही किलोमीटर कडक असतो, पकड कमी असते. निघाल्या निघाल्या गाडी वळणावर झोपवू नका.

कार्बोरेटरची गाडी असेल तर चोक ओढा, ॲक्सिलरेटर न देता सुरू करा, इंजिन स्थिर झालं की मिनिटभरात चोक परत ढकला. ओढलेला राहिला तर प्लग काळा पडतो आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. कार्बोरेटर नसलेल्या, फ्युएल इंजेक्शनच्या बीएस-6 गाड्यांमध्ये किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाची घरघर थांबू द्या, मग बटण. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. भरलेली बॅटरी बंद गाडीत 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12.4 च्या खाली असेल तर पहिल्या कडक थंडीत ती दगा देणार. सुरू झाल्यावर उभ्या उभ्या रेस करण्यापेक्षा अर्धा मिनिट थांबून पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा. बंद गॅरेजात किंवा बोळात गाडी तापवत ठेवू नका, धूर जीवघेणा असतो.

रात्री बाहेर उभ्या गाडीच्या डिस्कवर दव असतं. निघताच मोकळ्या जागेत दोनदा हलकेच ब्रेक मारून ते पुसून काढा.

रस्ता: ऊस, धुकं, दव

थंडी आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात रात्री सर्वांत मोठा धोका गारठ्याचा नाही, न दिसणाऱ्या ट्रॉलीचा आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला, आणि ऊस मागे हात-दोन हात बाहेर आलेला. पुढे अंधाराचा एखादा चौकोन जास्तच काळा दिसला की आधी वेग कमी करा, मग विचार करा. ओलांडताना एक ट्रॉली संपली म्हणजे वाहन संपलं असं धरू नका, आणि मागची ट्रॉली झुलते, तिच्यापासून हातभर लांब राहा. समोरून एकच दिवा येत असेल तर तो दुचाकीचाच असेल असं नाही. एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो, आणि चालू दिवा कुठल्या बाजूचा हे तुम्हाला कळत नाही. अशा वेळी अगदी डावीकडे राहा.

रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चाकाखाली गोल फिरते. टाळता आली नाही तर गाडी सरळ उभी ठेवा, ब्रेक सोडा, वेग न बदलता वरून जाऊ द्या. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती दवाने भिजली की तेलासारखी निसरडी होते. शेतरस्ता जिथे मिळतो तिथे हे नेहमीच असतं.

धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवरच राहा. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. मधल्या पट्टीवर ठेवाल तर नकळत समोरच्यांच्या अंगावर जाल. वेग ठरवायचा तो दिसणाऱ्या अंतरावरून. 40 च्या वेगात, ओलसर रस्त्यावर, विचार करण्याच्या वेळेसह थांबायला 25 मीटर तरी लागतात, म्हणून 25 मीटरच दिसत असेल तर 40 सुद्धा जास्त. ट्रकच्या मागच्या दिव्याला चिकटून जाणं सोपं वाटतं, पण ट्रक थांबला की तुम्ही त्याखाली. फारच दाटलं तर रस्त्याकडेला नाही, रस्ता पूर्ण सोडून ढाब्यावर किंवा पंपावर थांबा. माळशेज किंवा वरंधात थांबण्याजोगी जागा आधीच हेरून ठेवा.

घाटात सावलीतली वळणं दहा वाजेपर्यंत ओली असतात. पुलाचे लोखंडी सांधे आणि झेब्रा पट्टेही तसेच, त्यांच्यावर ना ब्रेक ना वळण. सकाळ-संध्याकाळचा सूर्य खाली असतो. तो तुमच्या डोळ्यांत येत असेल तर तुमच्या मागच्यालाही तुम्ही दिसत नाही. टेम्पोला लावतात ती लाल रिफ्लेक्टर टेप हेल्मेटच्या मागे, कॅरिअरवर आणि दुधाच्या कॅनवर चिकटवा. खर्च किरकोळ आहे.

मागे बसलेले आणि मुलं

मागचा माणूस वाऱ्याआड असतो, पण हलत नाही, म्हणून तोही गारठतो, फक्त बोलत नाही. दर 30-40 किलोमीटरला उतरून चाला, हात झटका, गरम काहीतरी प्या. ‘थोडी घेतली की ऊब येते’ हे खोटं. दारूने कातडीखालच्या नसा फुलतात, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता वेगाने बाहेर पडते.

टाकीवर पुढे बसवलेलं लहान मूल वाऱ्याचा सगळा मारा एकटं घेतं, आणि अपघातात पहिलं तेच सापडतं. पुढे बसवूच नका. चार वर्षांखालच्या मुलासाठी मोठ्यांच्या अंगाला बांधणारा सुरक्षा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि 40 ची वेगमर्यादा हा केंद्राचा नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे.

गारठा अंगात शिरला तर

न थांबणारी थरथर, गिअर चुकणं, जीभ जड होणं, डोळ्यांवर झापड: यातलं काहीही दिसलं की थांबा, पुढचं गाव दोन किलोमीटरवर असलं तरी. ओले कपडे काढा, कोरडं पांघरा, वाऱ्याच्या आड बसा, पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. बधिर हात शेकोटीवर धरू नका, चोळूही नका. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. थरथर आपोआप थांबली पण माणूस गोंधळलेला, झोपाळू वाटत असेल तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. त्याला आडवं करून गुंडाळा आणि 108 ला फोन करा.