कुरळे केस: कंगवा ओल्यात, हात वाळल्यावर

कुरळ्या केसांचं मोठं नुकसान कोरडा कंगवा करतो. सरळ केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतं, कुरळ्यांत ते वळणावळणाला अडतं. म्हणून एकाच डोक्यावर मुळाशी तेलकटपणा आणि टोकाला सुतळी, असा प्रकार दिसतो. अशा केसांत कोरडा कंगवा घातला की जुळलेली बट फुटते, केस पिंजारतात आणि नेमके वळणावर तुटतात. तेव्हा कंगवा न्हाणीघरातच ठेवा.

न्हाण्याआधी अर्धा-एक तास खोबरेल लावा. खांद्यापर्यंतच्या केसांना 2 चहाचे चमचे पुरतात, आणि ते मधल्या लांबीपासून टोकांकडे. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि त्यातली प्रथिनं कमी झिजतात. एरंडेल दाट आणि चिकट. ते काढायला दोनदा शाम्पू करावा लागतो आणि केलेलं सगळं वाया जातं. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच, त्याने कोंडा वाढतो. आजी काहीही म्हणो.

शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा, फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. लांबीला खाली ओघळणारा फेस पुरे. रोज घाम येत असेल तर मधल्या दिवशी नुसतं पाणी आणि थोडं कंडिशनर. शिकेकाई वापरायची तर भिजवून, उकळून, कापडातून गाळलेलं पाणी घ्या. नुसती पूड बटांत अडकते आणि दोन दिवस झडत राहते. रिठा केस फार रुक्ष करतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात आणि कितीही कंडिशनर लावलं तरी केस राठ लागतात. तिथे शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा, ‘चिलेटिंग’ लिहिलेला शाम्पू वापरा.

आता कंडिशनर. केसांचे चार भाग करा, टोकांपासून सुरुवात करून सढळ हाताने लावा. केस बोटांतून सटकू लागले की मगच मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि आधी टोकाचा गुंता, मग त्यावरचा, असं वर सरका. वरून खाली ओढलं तर सगळा गुंता टोकाला गोळा होऊन तिथे गाठ बसते. धुताना किंचित निसरडेपणा राहू द्या.

यापुढचं काम जवसाच्या जेलचं. पाव कप जवस (म्हणजेच अळशी) 2 कप पाण्यात मध्यम आचेवर ढवळत उकळा. सात ते दहा मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस येतो आणि चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच, हात सांभाळून, बारीक गाळणीतून किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. गार झालं की जेल बियांना धरून बसतं आणि गाळणीतून थेंब पडत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांचं बहुधा इथेच फसतं. तसं झालं तर अर्धा कप पाणी घालून पुन्हा गरम करा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबट वास आला की फेकून द्या. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

जेल लावायचं ते ठिबकणाऱ्या केसांना. अर्धवट वाळलेल्या केसांवर लावलं तर ते सारखं पसरत नाही आणि नंतर पांढरे पापुद्रे सुटतात. 2-3 मोठे चमचे जेल तळव्यांत पसरून बटांवरून फिरवा, मग डोकं खाली झुकवून केस मुठीत धरून टाळूकडे दाबा. जादा पाणी पंचाने किंवा जुन्या सुती टी-शर्टने टिपा. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसलं तर सगळी मेहनत पाण्यात.

नंतर हात आवरा. केसाला आकार देणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. त्या वेळात चाळवलेली बट पिंजारलेलीच राहते. पूर्ण वाळल्यावर केस कडक, चरचरीत लागतील. घाबरू नका, तळव्यावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून केस मुठीत हलके चुरगाळा, कडकपणा मोडतो आणि बटा मऊ पडतात.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, घटकांच्या यादीत ग्लिसरीन वरच्या नंबरला असलेली क्रीम टाळा. ती दमट हवेतलं पाणी ओढते आणि केस फुगतात.

झोपताना केस डोक्यावर सैल बांधा आणि उशीला सॅटिनचा अभ्रा घाला. सकाळी चपट्या झालेल्या बटांनाच पाण्याचा फवारा मारा, बोटाभोवती गुंडाळून सोडा. शाळेसाठी लहान मुलींच्या कुरळ्या केसांच्या करकचून वेण्या घालत असाल तर कपाळाजवळची रेषा तपासत जा. रोजच्या ताणाने तिथले केस आधी विरळ होतात.