एलिट डेंजरस नव्याने सुरू करताय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

"गेम घेतला, दोन रात्री बसलो, काही जमेना, काढून टाकला." एलिट डेंजरसबद्दल हे मी बऱ्याच मित्रांकडून ऐकलंय आणि दर वेळी खरंच वाईट वाटतं. अंतराळजहाज उडवायचा हा गेम म्हणजे 1984 साली बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरवर आलेल्या एलिटचा वारस, डिसेंबर 2014 मध्ये आला, आपली आख्खी आकाशगंगा खऱ्या आकारात, जवळपास 40 हजार कोटी ताऱ्यांच्या सिस्टिम, आणि माणूस पहिल्याच स्टेशनच्या दारात आपटून परत जातो. माझं मत सांगतो, नव्या माणसाच्या निम्म्याहून जास्त चुका एकाच सवयीतून येतात, ती म्हणजे थ्रॉटल कायम फुल ठेवणं. गाडीच्या गेममध्ये ते चालतं, इथे नाही चालत.

घ्यायच्या आधी एकच बघा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरच्या व्हर्जनला 2022 पासून नवीन काही मिळायचं बंद झालंय, 2021 चं ओडिसी हे एक्स्पान्शन तर तिकडे आलंच नाही. म्हणजे आज सुरू करायचं तर पीसीवरच करा.

स्टेशन समोरून निघून जातं

सुपरक्रूझमध्ये (एकाच सिस्टिममध्ये लांब अंतर झपाट्याने कापायचा मोड) स्टेशन टार्गेट केलं, फुल थ्रॉटल दिला, आणि स्टेशन सर्रकन मागे गेलं. मग वळून परत, परत तेच, वीस मिनिटं नुसत्या घिरट्या. उपाय सोपाय. टार्गेटखाली पोचायला किती वेळ लागेल ते दिसतं, तो आकडा 7 सेकंदांवर आला की थ्रॉटल 75 टक्क्यांवर आणा आणि हात काढून घ्या. खरंच काढून घ्या, कारण तिथून पुढे जहाज आपोआप त्याच प्रमाणात हळू होत जातं. अंतर 1000 किलोमीटरच्या आत आणि वेग पण आवाक्यात आला की बाहेर पडायची सूचना येते, तेव्हा कीबोर्डवरची J की (जे) दाबायची. सुपरक्रूझ असिस्ट नावाचं मॉड्यूल हे सगळं करून देतं, पण आधी चार वेळा हाताने करा, कारण अंदाज बसला की तो कायमचा बसतो.

डॉकिंग

यावर जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच गेम सोडतात.

पहिली चूक, परवानगी न मागता आत घुसणं. 7.5 किलोमीटरच्या आत या, थांबा, डावं पॅनल उघडा (कीबोर्डवर 1), कॉन्टॅक्ट्समध्ये स्टेशन निवडून डॉकिंगची परवानगी मागा. उतरायच्या जागेचा म्हणजे पॅडचा नंबर मिळतो आणि 10 मिनिटं मिळतात. 10 मिनिटं भरपूर असतात, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नका. विनापरवानगी आत गेलात तर आधी दंड होतो आणि मग स्टेशनच्या तोफा चालू होतात, सुरुवातीला मिळणारं सायडवाइंडर जहाज त्यापुढे काही सेकंद पण टिकत नाही.

दुसरी चूक वेगाची. स्टेशनजवळ वेग 100 च्या खाली ठेवा, त्याच्या वर असताना कोणाला धडकलात तर गुन्हा तुमच्या नावावर. दार म्हणजे पत्रपेटीच्या फटीसारखी आडवी खाच. तिच्या एका बाजूला हिरवे दिवे, दुसऱ्या बाजूला लाल. हिरवे उजव्या हाताला आले पाहिजेत, नसतील तर जहाज रोल करून घ्या, म्हणजे बाहेर येणारी जहाजं तुमच्या डावीकडून जातील. मी आधी दारासमोर पूर्ण थांबायचो, स्टेशन फिरताना बघत बसायचो, खाच आणि माझी काचेची कडा एका रेषेत आली की 40-50 च्या वेगाने आत. आत गेल्यावर फिरण्याची भीती नको, फ्लाइट असिस्ट (जहाज आपोआप सावरणारी सोय) चालू असेल तर जहाज स्टेशनबरोबर आपोआप फिरतं. मग एल दाबून लँडिंग गिअर. हा विसरला की पॅडवर कितीही वेळ तरंगत बसलात तरी डॉक होत नाही, आणि लोकांना वाटतं गेम अडकला. गिअर उघडला की समोर जहाजाची आकृती दिसते, तिच्यावर बघून हळूहळू खाली टेका.

"जंप होतच नाही", "शील्ड अचानक गेलं"

दुसऱ्या ताऱ्याकडे जंप करायला J (जे) दाबून काही होत नसेल तर तीन गोष्टी बघा: शस्त्रं बाहेर आहेत का (यू), लँडिंग गिअर खाली आहे का, कार्गो स्कूप (माल उचलायचं झाकण) उघडा आहे का. तीनही बंद असून होत नसेल तर तुम्ही स्टेशनच्या किंवा एखाद्या मोठ्या जहाजाच्या फार जवळ आहात, टॅबने बूस्ट मारून लांब जा. आणि शील्ड गायब, उष्णता सारखी वाढतेय असं झालं तर बहुतेक चुकून डिलीट दाबलं गेलंय, तो सायलेंट रनिंगचा म्हणजे लपून जायचा मोड आहे, परत दाबा.

लढाईत

इथे परत तोच थ्रॉटल. वेगाच्या पट्टीवर मधे निळा भाग असतो, जहाज तिथेच सगळ्यात चटकन वळतं. फुल स्पीडमध्ये शत्रूच्या मागे वळत राहिलात तर तो कधीच समोर येणार नाही. मार बसतोय तेव्हा बाणांच्या कीने पॉवर 'सिस्टिम्स' या शील्डच्या गटात टाका, चार पिप (पॉवरचे ठिपके) टाकले की शील्ड बरंच जास्त टिकतं, गोळीबार करताना वेपन्समध्ये आणा. आणि स्कॅन पूर्ण होऊन वॉन्टेड (गुन्हेगार) असं दिसेपर्यंत एकही गोळी नको, साध्या जहाजावर मारलंत की तुमच्याच डोक्यावर बक्षीस लागतं. खाणींच्या जागांवर पोलीस ज्याला मारतायत त्यालाच मारा, थोडा जरी वाटा असला तरी बाउंटी मिळते.

कोणी तुम्हाला सुपरक्रूझमधून ओढत असेल तर लढत बसू नका, थ्रॉटल शून्य करून स्वतःहून शरण जा. असं केलं की जंपचा ड्राइव्ह लवकर तयार होतो, मग बूस्ट आणि जंप.

थोडे पैसे आले की मोठं जहाज घ्यायचा मोह होतो, कोब्रा मार्क थ्री तर साडेतीन लाख क्रेडिटच्या आसपासच आहे. पण अंथरूण पाहून पाय पसरा. जहाज फुटलं की परत मिळवायला किमतीच्या 5 टक्के भरावे लागतात, मॉड्यूल्सची किंमत पण त्यात धरतात, ते खिशात नसतील तर जहाज गेलं. निदान दोन वेळा भरता येईल इतके शिल्लक ठेवूनच निघा.

महागडी जॉयस्टिक पण लगेच नको. माऊस-कीबोर्डवर छान खेळता येतं, फक्त सेटिंगमध्ये रिलेटिव्ह माऊस (माऊस सोडला की जहाजाचं वळणं थांबतं) चालू करून बघा. जॉयस्टिक असेल आणि जहाज आपोआप एका बाजूला सरकत असेल तर डेडझोन (मधली हालचाल न धरणारी जागा) थोडा वाढवा.

इंधन

सायडवाइंडरची टाकी फक्त 2 टनांची. लांब निघायच्या आधी ताऱ्यातून इंधन ओढणारा फ्युएल स्कूप बसवा आणि के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या वर्गांचेच तारे धरा, बाकीच्यांकडून काही मिळत नाही. जंपमध्ये असतानाच एक्स दाबून थ्रॉटल शून्य करा कारण बाहेर पडाल ते थेट ताऱ्याच्या तोंडावर. मग कडेकडेने हळू जा, उष्णता 100 च्या वर जाऊ देऊ नका.

एवढं करूनही टाकी रिकामी झालीच तर जहाज उडवून टाकू नका. फ्युएल रॅट्स नावाचा खेळाडूंचाच गट आहे, कुठेही अडकलात तरी इंधन घेऊन येतात, फुकट. फक्त ऑक्सिजनचा काउंटडाऊन दिसत असेल तर (साध्या लाइफ सपोर्टवर 5 मिनिटंच असतात) आधी ताबडतोब मेन मेनूमध्ये बाहेर या आणि मग त्यांना हाक मारा, ते सांगतील तेव्हाच परत आत जा.