जावेची गोळी मागण्याआधी

नागपूरच्या महाल भागात माझं मेडिकल आहे. परवा एक काकू जावेची रिकामी स्ट्रिप घेऊन आल्या. "भाऊ, तिचं बीपी यानंच उतरलं, मलेही हेच द्या." चिठ्ठी नव्हती, म्हणून दिली नाही. रागावल्याच.

तेच औषध दोघांच्या रक्तवाहिन्यांवर सारखं चालेलच असं नाही. 1995 साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. बीपी नॉर्मल असलेल्या काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या हाताच्या धमनीत त्यांनी आयसोप्रोटेरेनॉल सोडलं. हे रक्तवाहिनी सैल करणारं औषध. काळ्या गटात हातातला रक्तप्रवाह कमी वाढला. म्हणजे बीपी चढायच्या आधीच नळी ढिली व्हायला कुरकुरत होती. तिथल्या काळ्या लोकांत हायपरटेन्शन जास्त का, याचा एक धागा इथे असू शकतो. मीठ, ताण, गरिबी आहेतच. ब्रिटनमध्ये आफ्रिकी वंशाच्या रुग्णाला मधुमेह नसेल तर सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाच्या जातीच्या गोळीनं करतात.

आपल्याकडे 1,981 रुग्णांवर टॉपस्पिन नावाची चाचणी झाली, 2024 मध्ये निकाल आला. अ‍ॅम्लोडिपिन, पेरिन्डोप्रिल आणि इंडापामाइड या बीपीच्या औषधांच्या दोन-दोनच्या तीन जोड्या. तिन्हींनी बीपी सारखंच उतरवलं. पण ती सरासरी. तुमचा आकडा तुमच्याच दंडावर मोजावा लागतो.

तर असं करा. दंडावरचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, नीट बसेल असा. आखूड कफ बीपी उगाच जास्त दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नाहीच. (खर्रा तोंडात ठेवून "बीपी काहून वाढलं?" विचारणारे रोज भेटतात.) लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप बसा, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडलेला एकच नाही. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी ती 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा.

गोळी सुरू झाली की दोन दिवसांत निकाल लावू नका. अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण असर दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. तिनं घोटे सुजले, तर सांगा. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि लोक माझ्याकडे खोकल्याचं सिरप मागतात! अशा वेळी डॉक्टर बहुतेक गोळीच बदलून देतात. ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

लघवी वाढवणारी गोळी असेल, तर मे महिन्यात पारा 45 ला टेकला की उभं राहूनही बीपी मोजा. उठताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका.

मशीन नसेल तर दुकानात या. फक्त सायकल लावली आणि धापा टाकत हात पुढे केला, असं नको. आधी स्टुलावर बसा.