हौशी रेसिंगची गाडी: ब्रेकपासून बेल्टपर्यंत या चुका टाळा

रस्त्यावर लाखभर किलोमीटर बिनतक्रार धावलेली गाडी सर्किटवर पंधराव्या मिनिटाला ब्रेक सोडते, तेव्हा मालकाला वाटतं काहीतरी बिघडलं. बहुतेक वेळा तसं काही बिघडलेलं नसतं. १,००० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणायची म्हणजे सुमारे ७३० किलोज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावायची. दोन लिटर साधं पाणी उकळायला साधारण तेवढीच लागते. रस्त्यावर असा कडक ब्रेक दिवसात एखादा लागतो. सर्किटवर एका लॅपमध्ये चार-पाच वेळा लागतो, आणि सेशन (ट्रॅकवरची एक सलग पाळी) वीस मिनिटं चालतं.

हौशी गाड्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या उष्णतेत असतं. म्हणून पहिला खर्च इंजिनची ताकद वाढवण्यावर करणं, ही आमच्या मते सगळ्यांत महाग चूक. ताकद वाढली की वळणापर्यंतचा वेग वाढतो, आणि ब्रेकवर पडणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आधी गाडी थांबली पाहिजे, गार राहिली पाहिजे, चाकं जागेवर राहिली पाहिजेत. हॉर्सपॉवरचा नंबर त्यानंतर.

जुनं ब्रेक ऑइल घालून ट्रॅकवर जाणं

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ (डॉट हे ब्रेक ऑइलच्या दर्जाचं अमेरिकी मानक) ही ग्लायकॉलवर आधारलेली ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकातली किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि कॅलिपरपर्यंत (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत) दाब पोहोचत नाही.

रेसिंगसाठीची ब्रेक ऑइलं नवी असताना ३०० अंशांच्या वर टिकतात. पण बाटलीवरचा मोठा आकडा कोऱ्या ऑइलचा असतो. ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या आठवड्यात सगळं ऑइल बदला, आणि दोन दिवसांचा कार्यक्रम असेल तर पहिल्या संध्याकाळी प्रत्येक कॅलिपरमधून थोडं ऑइल काढून एअर निघते का ते पाहा. उघडून अर्धी उरलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी जपून ठेवू नका. नावाच्या गोंधळातही अडकू नका: डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच.

एअर काढताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या आहेत. पेडल भराभर पंप केलं की ऑइलमध्ये बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत. क्रम साधा आहे: पेडल सावकाश दाबून धरा, निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा, निपल बंद करा, मगच पेडल सोडा. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेऊ नका. मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या भागात सील रोज पोहोचत नाही तिथे गंज किंवा मळ बसलेला असतो आणि त्यावर सील फाटतं, म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका, नाहीतर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरेल आणि ती काढायला स्कॅनर लागू शकतो.

कॅलिपर काढून परत बसवले असतील आणि तासभर खटपट करूनही पेडल मऊच राहत असेल, तर निपल कुठे आहे ते पाहा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला की निपल खालच्या बाजूला येतं. हवा वर अडकून राहते आणि कितीही ऑइल ओतलं तरी बाहेर येत नाही.

पेडल काय सांगतंय ते न ओळखता पार्ट बदलणं

ब्रेक लागत नाही, एवढंच सांगितलं तर कोणालाच निदान करता येणार नाही. पेडल नेमकं कसं वागलं हे ड्रायव्हरने सेशन संपताच लिहून ठेवावं, कारण प्रत्येक वागण्याचं कारण वेगळं असतं.

पेडल मऊ झालं, खाली गेलं, दोन-तीनदा दाबल्यावर थोडं वर आलं, तर ऑइल उकळलं आहे. गार झाल्यावर पेडल बरं वाटेल, पण त्यावर विसंबू नका. एअर काढल्याशिवाय पुढच्या सेशनला जायचं नाही.

पेडल वर आहे, दगडासारखं घट्ट आहे, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेबाहेर गेला आहे. इथे ऑइल बदलून काहीही होणार नाही, ट्रॅकसाठीच्या कंपाउंडचे पॅड लागतील. उलट फार तापल्यावरच पकडणारा रेसिंग पॅड घालून रस्त्यावर फिरणंही धोक्याचं आहे, कारण गार असताना तो नीट धरत नाही.

पहिल्यांदा दाबल्यावर पेडल लांब जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अगदी ठीक, तेही कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्यावरून) गेल्यावर किंवा वेगवान वळणानंतर, तर पॅड मागे ढकलले जात आहेत. हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) बेअरिंग ढिलं असतं किंवा डिस्क हलत असते, ती पिस्टनला आत रेटते आणि पहिला दाब ती फट भरण्यातच खर्च होतो. हा दोष ऑइल उकळल्यासारखाच वाटतो आणि यासाठी लोक विनाकारण मास्टर सिलिंडर बदलतात. चाक उचला, वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. दोन्ही दिशांनी खेळ असेल तर संशय बेअरिंगवर, फक्त डावी-उजवीकडे असेल तर स्टिअरिंगच्या टाय रॉडवर, फक्त वर-खाली असेल तर बॉल जॉइंटवर.

उभ्या गाडीत एकसारख्या दाबाखाली पेडल हळूहळू बुडत जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील आतून सोडतंय. गाडी तिथेच उभी करा.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं की सगळे म्हणतात, डिस्क वाकडी झाली. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचं मटेरियल कमी-जास्त चिकटलेलं असतं. तापलेली गाडी पिटमध्ये आणून पाय ब्रेकवर ठेवून उभी केली की नेमका तसा ठसा उमटतो. हँडब्रेक ओढणं हीसुद्धा तीच चूक. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश घ्या, गिअरमध्ये गाडी उभी करा आणि चाकाला ठोकळा लावा.

नवे पॅड बसवून थेट सेशनमध्ये जाऊ नका. ताशी १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, दर वेळी थोडा जास्त जोर देत, पण गाडी पूर्ण न थांबवता. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार करा. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. पॅड निम्मा उरला की ट्रॅकसाठी तो संपला असं समजा, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टन आणि ऑइलकडे जाते. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं दिसलं तर लक्ष ठेवून चालवता येतं. नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत पोहोचलेली भेग दिसली तर डिस्क फेकून द्या.

चाकाचे नट अंदाजाने आवळणं

एअर गनने ठोकून दिलेला नट घट्ट असतो, पण किती घट्ट ते कोणालाच सांगता येत नाही. छोट्या गाड्यांत बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. नट आधी हाताने आट्यांवर चढवा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, गाडी खाली घेऊन टायर जमिनीला टेकवा आणि शेवटचा हात टॉर्क रेंचने फिरवा. स्टडला (नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्याला) तेल किंवा ग्रीस लावू नका. त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो.

पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा. नट बराच फिरला तर नुसता आवळून सोडू नका, कारण शोधा. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावर रंगाचा जाड थर असेल, किंवा निमुळत्या बैठकीच्या चाकाला गोल बैठकीचे नट लागले असतील. स्पेसर (हब आणि चाकामधली जाड चकती) घातला असेल तर फेरे मोजा: एम १२ × १.५ च्या स्टडवर नट किमान आठ पूर्ण फेरे चढला पाहिजे.

हवा गार टायरमध्ये भरून विसरून जाणं

ट्रॅकवर महत्त्वाचा दाब गरम टायरचा. साधारण ३० पीएसआयच्या टायरमध्ये आतल्या हवेचं तापमान १० अंशांनी वाढलं की दाब अंदाजे दीड पीएसआय चढतो. सकाळी ३२ भरून निघालेला टायर सेशनअखेर ४० च्या जवळ जाऊ शकतो. मग गाडी मधल्या पट्ट्यावर तरंगते आणि ड्रायव्हर सस्पेन्शनला दोष देतो.

रस्त्याचे टायर वापरत असाल तर गार २६ ते २८ पासून सुरुवात करून गरम असताना ३२ ते ३४ मिळतात का ते पाहा, नंतर आपल्या गाडीप्रमाणे बदला. पिटमध्ये आल्या आल्या दोन-तीन मिनिटांत मोजा, चारही चाकांचा आकडा वेगळा लिहा, आणि दर वेळी तेच गेज वापरा. उन्हातल्या बाजूचं चाक सावलीतल्यापेक्षा जास्त दाखवतं, त्यामुळे गार दाब मोजताना गाडी पूर्ण सावलीत हवी.

सुईचं थर्मामीटर असेल तर टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड मोजा. मध्य जास्त गरम म्हणजे हवा जास्त. बाहेरची कड जास्त गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी पडतोय, किंवा हवा कमी असल्याने टायर कुशीवर लोळतोय. आणि टायरचं वय पाहा: बाजूवरचा चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो. ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. नक्षी भरपूर असलेला पण कडक झालेला टायर ट्रॅकवर निरुपयोगी आहे.

वळणात ऑइल कुठे जातं याचा विचार न करणं

चांगल्या टायरवर गाडी वळणात १ जीपर्यंत (स्वतःच्या वजनाइतका) बाजूचा जोर घेते. त्या क्षणी संपमधलं (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) इंजिन ऑइल ४५ अंशांच्या उतारावर उभं राहतं आणि पंपाची नळी हवा ओढू लागते. लांब वळणात काही सेकंद असं झालं की कनेक्टिंग रॉडची बेअरिंग खरवडली जातात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली लागतो, तोवर उशीर झालेला असतो. खरा प्रेशर गेज लावा आणि दाब इतका पडण्याआधीच पेटणारा मोठा दिवा नजरेसमोर ठेवा. जुना ठोकताळा असा की दर १,००० आरपीएमला १० पीएसआय. वळणात काटा पडून बाहेर पडताना परत येत असेल तर त्या दिवसापुरतं ड्रायव्हिंग थांबवा आणि संपमध्ये बॅफल (ऑइल एका बाजूला जाऊ न देणारे आडवे पत्रे) बसवून घ्या.

ऑइल दर सेशनआधी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर हवं. लिटरभर जास्त ओतणं हा उपाय नव्हे. क्रँक ते घुसळून फेस करतो आणि ते इंजिनच्या ब्रीदर नळीतून हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जातं. ऑइल बदलताना फिल्टर फिल्टर-कटरने उघडून पाहा, हॅक्सॉने नको, कारण करवतीचा चुरा आणि इंजिनचा चुरा वेगळा ओळखता येत नाही. चुंबकाला न चिकटणारे चमकदार कण बेअरिंगचे असू शकतात.

एकाच दिशेच्या वळणात इंजिन खोकतंय आणि सरळ रस्त्यावर ठीक आहे, तर प्लग-कॉइल बदलण्याआधी पेट्रोल पाहा. टाकीत पावच पेट्रोल उरलं की वळणात पंप कोरडा पडू शकतो. किमान अर्धी टाकी ठेवा.

कूलिंगमधले शॉर्टकट

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इंजिन तापण्यावरचा इलाज नाही. आधी हवा जाण्याचा मार्ग तपासा. रेडिएटरच्या बाजूने फट असेल तर हवा जाळीतून जाण्याऐवजी फटीतून निसटते, म्हणून पत्रा किंवा फोम लावून ती बंद करा. कॅपचं रबर तपासा, दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. अनेक सर्किटांवर ग्लायकॉलचं कूलंट चालत नाही, कारण ते सांडलं की डांबर निसरडं होतं. तिथे साधं डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक घाला.

एक्झॉस्ट आणि ब्रेकजवळ नायलॉनची कडी असलेले नट वापरू नका, १२० अंशांच्या आसपास ती कडी पकड सोडते. तिथे पूर्ण धातूचे लॉकनट हवेत. सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट टॉर्कला आवळून त्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की बोल्ट फिरला, हे पाना न लावता दिसतं.

बेल्ट आणि हेल्मेटमध्ये काटकसर

मोटरसायकलचं हेल्मेट कारमध्ये चालत नाही. त्याच्या अस्तराला आगीपासून संरक्षणाची अट नसते. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं एस ए मानक किंवा एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं मानक आयोजकाने मागितल्याप्रमाणे घ्या. बेल्टच्या लेबलवरची मुदत पाळा, आणि अपघातात ताण बसलेले बेल्ट मुदत बाकी असली तरी बदला. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे, फार तर २० अंश खाली जावेत. थेट जमिनीला बांधले तर धडकेत मणक्यावर दाब येतो. नुसता हार्नेस (खांदे आणि कंबर बांधणारे रेसिंगचे बेल्ट) लावून रोल बार (गाडी उलटली तर छप्पर पेलणारी लोखंडी कमान) न बसवणं अर्धवट काम आहे: छप्पर दबलं तर ड्रायव्हरला वाकायलाही जागा राहत नाही.

एका वेळी तीन बदल करणं

टायर दाब, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलंडणं कमी करणारा दांडा) आणि टो (चाकं समोर किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) एकाच दुपारी बदलले तर गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडली तर परत जाता येत नाही. एक बदल, किमान चार-पाच सारखे लॅप, नोंद, मग पुढचा. वहीत किलोमीटरऐवजी ट्रॅकवरचे तास लिहा, कारण बेअरिंग, पॅड, स्टड आणि गिअर ऑइल तासांच्या हिशोबाने संपतात.

गाडी त्याच चाकांवर घरी न्यायची असेल तर निघण्याआधी टायर गार होऊ द्या. सेशनमध्ये सोडलेली हवा रस्त्याच्या आकड्यापर्यंत परत भरा, नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने पाहा, आणि पेडल गार असताना किती वर येतंय ते पार्किंगमध्येच दोनदा दाबून बघा.