स्वस्त लॅपटॉप की मधल्या किमतीचा: खरेदीपूर्वीची तयारी

लॅपटॉप घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी किंमत पाहतात, मग दोन-तीन यंत्रांची वैशिष्ट्ये शेजारी शेजारी मांडतात आणि आकडे सारखे दिसले की स्वस्त यंत्र निवडून मोकळे होतात. अडचण अशी आहे की ‘८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची स्क्रीन’ ही ओळ स्वस्त लॅपटॉपवरही छापलेली असते आणि त्याच्या दीडपट-दुप्पट किमतीच्या लॅपटॉपवरही असते. (रॅम म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, एसएसडी म्हणजे फाइलींची कायमची साठवण.) दोघांतला खरा फरक त्या ओळीत नसतोच. म्हणून तयारी करताना एकच कसोटी सतत हाताशी ठेवावी: यातली कोणती गोष्ट नंतर बदलता येईल आणि कोणती येणार नाही. जी नंतर बदलता येते तिच्यासाठी आज जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, आणि जी यंत्राला जन्मभर चिकटलेली असते तिच्यात केलेली काटकसर रोज सोसावी लागते.

सर्वांत आधी, कोणतेही मॉडेल पाहण्यापूर्वी, एका कागदावर आठवडाभराचे आपले काम लिहून काढावे. ‘ऑफिसचे काम’ किंवा ‘अभ्यास’ असे मोघम लिहू नये; ब्राउझरमध्ये एका वेळी किती टॅब उघडे असतात, त्याच वेळी व्हिडिओ कॉल चालू असतो का, तक्त्यांच्या फाइली किती मोठ्या असतात, फोटो किंवा व्हिडिओचे संपादन खरोखर होते की कधीतरी होईल अशी नुसती कल्पना आहे, हे नोंदवावे. सध्याचा संगणक विंडोजवर चालत असेल तर ऐन कामाच्या गर्दीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मेमरीचा आलेख पाहावा. ८ जीबीपैकी साडेपाच-सहा जीबी वापर होत असेल तर तेवढी रॅम पुरते आहे; आकडा सातच्या वरच रेंगाळत असेल तर नव्या यंत्रात १६ जीबी हवी. वैशिष्ट्यांचे दहा तक्ते वाचून जे कळत नाही ते या दोन मिनिटांत कळते.

रॅमचा आकडा ठरला की ती कशी बसवलेली आहे याची चौकशी करावी. हा प्रश्न दुकानात फार कमी जण विचारतात, पण माझ्या मते संपूर्ण यादीतला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. काही लॅपटॉपमध्ये सगळी रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट-पाटीवरच, डाख देऊन पक्की केलेली असते, काहींत थोडी पक्की आणि एक स्लॉट मोकळा असतो, तर काहींत रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात. एलपीडीडीआर प्रकारची रॅम लिहिलेली असेल तर ती जवळपास नेहमीच पक्की असते, म्हणजे आज घेतलेली ८ जीबी पाच वर्षांनीही ८ जीबीच राहणार. उलट, स्वस्त लॅपटॉपमध्ये दोन स्लॉट असतील, प्रोसेसर दोन वाहिन्यांची (म्हणजे रॅमशी देवाणघेवाणीच्या दोन मार्गांची) मेमरी वापरणारा असेल आणि ८ जीबीची एकच पट्टी लावलेली असेल, तर तेवढीच दुसरी पट्टी घालून १६ जीबी तर होतातच, शिवाय मेमरीच्या दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू लागतात. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते त्यात स्क्रीनवर चित्रे उमटवण्याचे कामही याच रॅममधून होते, त्यामुळे हा फरक व्हिडिओ आणि चित्रांच्या कामात चांगलाच जाणवतो. असे यंत्र मिळाले तर जादा किमतीचा मोह सोडून स्वस्त यंत्र आणि एक पट्टी घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

साठवणुकीबाबत मात्र फार डोके शिणवू नये. ईएमएमसी असे लिहिलेले यंत्र टाळावे, कारण ती साठवण संथ असते आणि तीही बोर्डावर पक्की असते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, परंतु ती प्रणाली बसण्यापुरती अट आहे, सुखाने काम होण्याची हमी नव्हे. एम.२ प्रकारची (स्लॉटमध्ये बसणाऱ्या छोट्या पट्टीसारखी) एसएसडी असेल तर ती नंतर बदलता येते, त्यामुळे केवळ २५६ जीबी आहे म्हणून चांगले यंत्र नाकारू नये. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, हा निव्वळ मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे; त्यात कोणी फसवलेले नसते.

प्रोसेसरच्या नावावर जाऊ नये, त्याच्या पूर्ण क्रमांकावर जावे. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू हा क्रमांक पाहिला तर पहिला ७ हा २०२३ च्या मालिकेचा आहे, पण तिसरा अंक २ आहे आणि तो झेन २ या २०१९ मध्ये आलेल्या रचनेची खूण आहे. त्याच मालिकेतला ७५३०यू झेन ३ रचनेचा आहे. नाव दोघांचेही ‘रायझन ५’ असल्यामुळे घेणाऱ्याला हा भेद कळत नाही. शिवाय ७५२०यू केवळ एलपीडीडीआर५ मेमरीवर चालतो, म्हणजे रॅमचा प्रश्नही तिथेच निकालात निघतो. इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, ६ वॉटचा प्रोसेसर लेखन, वाचन, व्हिडिओ पाहणे यांसाठी पुरेसा आहे आणि त्याची बदनामी करण्याचे कारण नाही, परंतु त्याला मेमरीची एकच वाहिनी असते आणि जड काम दिले की तो लगेच थकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की तोच प्रोसेसर दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या गतीने चालू शकतो, कारण उष्णता बाहेर टाकण्याची सोय अपुरी असेल तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. हे तक्त्यात कुठेही लिहिलेले नसते. त्यासाठी तेच मॉडेल अर्धा-पाऊण तास सलग कामाला लावून केलेली परीक्षणे वाचावीत किंवा पाहावीत.

स्क्रीन ही लॅपटॉपची अशी बाजू आहे की जिच्याकडे आपण वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास पाहतो आणि जी बदलण्याचा खर्च पाहता सहसा कोणी बदलत नाही. इथे चार गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे रेझोल्यूशन: १५.६ इंचांवर १३६६ गुणिले ७६८ असेल तर इंचाला सुमारे १०० बिंदू पडतात, १९२० गुणिले १०८० असेल तर सुमारे १४१. हा फरक देवनागरीत विशेष बोचतो. दुकानात लहान अक्षरांतला एखादा मराठी मजकूर उघडून पाहावा आणि ‘लक्ष्मी’, ‘ऊर्ध्व’, ‘दृष्टी’ असे शब्द निरखावेत. जोडाक्षरांच्या रेघा एकमेकींत मिसळत असतील, किंवा ‘में’ आणि ‘मे’ यांतला अनुस्वाराचा ठिपका मात्रेला चिकटून नाहीसा होत असेल, तर त्या स्क्रीनवर वाचन-लेखनाचे काम डोळ्यांना जाच करणारच. दुसरी गोष्ट पॅनेलचा प्रकार: टीएन पॅनेलमध्ये मान थोडी वर-खाली केली की रंग फिके किंवा उलटे दिसू लागतात, आयपीएसमध्ये तसे होत नाही. तिसरी तेजस्विता: स्वस्त यंत्रांत ती बहुधा २२० ते २५० निट्स (तेजस्वितेचे एकक) असते, जी बंद खोलीत चालते पण खिडकीशेजारी अपुरी पडते, ३०० च्या पुढे असेल तर बरे. चौथी रंगांची व्याप्ती: ४५ टक्के एनटीएससी (रंग मोजण्याचे एक प्रमाण) असे लिहिलेले असेल तर तांबडा रंग विटकरी दिसतो. केवळ मजकुराचे काम असेल तर या चौथ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येते, फोटो किंवा मांडणीचे काम असेल तर अजिबात नाही.

यानंतर हाताने तपासण्याच्या गोष्टी येतात आणि त्यांत बिजागरीला मी सर्वांत वर ठेवतो, कारण तिने मला धडा शिकवला आहे. माझा पहिला स्वस्त लॅपटॉप दोन वर्षांत उजव्या कोपऱ्यातून निकामी झाला. झाकण उघडताना रोज बारीक करकर होत असे, तिकडे मी लक्ष दिले नाही. एके दिवशी कडेची चौकट उकलली आणि आतून बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा पितळी नट, त्याच्या भोवतीच्या प्लॅस्टिकच्या तुटक्या कड्यासकट, टेबलावर पडला. स्वस्त यंत्रांत बिजागरीची धातूची पट्टी अशा नटांवर स्क्रूने बसवलेली असते आणि ते नट प्लॅस्टिकच्या कवचात नुसते रुतवलेले असतात. बिजागरी घट्ट असेल तर झाकण उघडण्याचा सगळा ताण त्या प्लॅस्टिकवर येतो. प्रोसेसर, रॅम, सगळे धड होते, पण झाकण उभेच राहत नव्हते. म्हणून दुकानात झाकण मध्यभागी धरून सावकाश उघडावे, मग एका कोपऱ्याला धरून उघडावे आणि कडेची चौकट उचलली जाते का ते पाहावे. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबून तो खाली दबतो का, हेही पाहावे, आणि उभ्याउभ्या नव्हे, तर बसून एक परिच्छेद टंकून बघावा.

बॅटरीच्या बाबतीत ‘दहा तास चालते’ यावर विसंबू नये, वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचा, आकडा विचारावा. बॅटरी ४२ वॉट-अवरची आहे आणि आपल्या कामात यंत्र सरासरी ८ ते १० वॉट खाते असे धरले, तर चार ते पाच तास हाती येतात. काही शे वेळा चार्ज झाल्यावर क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते, तेव्हा हेच तास सव्वातीन ते चार उरतात. दिवसभर चार्जर न घेता फिरायचे असेल तर हा हिशेब आजच करावा, टेबलावरच काम असेल तर बॅटरीसाठी जादा पैसे देऊ नयेत, कारण ती पुढे बदलता येते. यूएसबी-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही. स्वस्त यंत्रांत तो अनेकदा केवळ डेटापुरता असतो. वाय-फाय ६ आणि १०८० पिक्सेलचा कॅमेरा असेल तर चांगले, नसेल तर यांची सोय बाहेरून जोडून होते.

आता पैशांचा हिशेब मांडावा. दोन्ही यंत्रांची किंमत ती किती वर्षे नीट चालतील याने भागावी आणि त्यात माऊस, बॅग, माहितीची प्रत ठेवण्यासाठी बाहेरची डिस्क, वाढीव वॉरंटी हे सगळे धरावे. रोज सहा-आठ तास त्याच यंत्रावर पोट असेल तर स्क्रीन, कीबोर्ड आणि बांधणी यांसाठी मधल्या किमतीचे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाला तास-दोन तास वाचन, लेखन आणि वर्ग एवढेच असेल तर आयपीएस स्क्रीन, एसएसडी आणि रॅमचा मोकळा स्लॉट असलेले स्वस्त यंत्र पुरेसे आहे. मात्र महाग म्हणजे चांगले असेही धरून चालू नये: मधल्या किमतीची काही यंत्रे वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी पैसे घेतात आणि स्क्रीन तीच मंद २५० निट्सची देतात, ज्याला खेळ किंवा त्रिमितीय काम करायचे नाही त्याने ती घेऊ नयेत. कार्यालयीन वापरातून परत आलेले, तपासून विकले जाणारे मजबूत यंत्र हा तिसरा मार्गही विचारात घ्यावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे यंत्रावर विंडोज ११ चालायला हवे; इंटेलचा प्रोसेसर असेल तर त्यासाठी आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नये, आणि बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता व सध्याची क्षमता ताडून पाहावी.

खरेदीच्या दिवशी मॉडेलचे केवळ नाव नव्हे, तर पूर्ण क्रमांक कागदावर लिहून न्यावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीनची आणि वेगवेगळ्या रॅमची यंत्रे विकली जातात. बिलावरचा अनुक्रमांक यंत्राच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का, वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र केंद्रात नेऊन द्यायचे आहे, आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे तिथेच विचारावे. घरी आल्यावर त्या मुदतीतच सगळी परीक्षा उरकावी: स्क्रीनवर एकामागोमाग पांढरा, काळा, तांबडा, हिरवा आणि निळा रंग भरून मेलेला बिंदू शोधावा, प्रत्येक पोर्टात काहीतरी जोडून पाहावे, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबावी, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते पाहावे, आणि एक संध्याकाळ कागदावर लिहिलेले आपले नेहमीचे काम सगळे एकदम उघडून यंत्र तासभर चालवावे. खोके, आतली थर्माकोलची चौकट आणि बिल, मुदत संपेपर्यंत यातले काहीही टाकू नये.