कॉर्ड्स दिसत नाहीत? आधी गळ्यावरच्या हाताकडे बघा

अ‍ॅनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच लागलेल्यांसाठी हे लिहितेय. श्वासनलिकेत ट्यूब घालायची तर आधी कॉर्ड्स, म्हणजे स्वरतंतू, दिसावे लागतात. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं ब्लेडवालं उपकरण) डाव्या हातात, ब्लेड तोंडाच्या उजवीकडून आत, जीभ डावीकडे सारायची, हँडल वरच्या दातांवर टेकवून उलथायचं नाही, हे एव्हाना तुम्हाला कुणीतरी ओरडून सांगितलंच असेल. त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते पेशंटच्या गळ्यावर बाहेरून ठेवलेल्या हाताबद्दल. ब्लेड कशी धरायची हे सगळे शिकवतात. तो हात काय करतोय याकडे बघायला फारसं कुणी शिकवत नाही.

आपल्या ओटीत नुसतं "प्रेशर द्या" म्हणायची सवय आहे. कुठे, किती, कशासाठी, हे कुणी बोलत नाही. मदतीला कधी ओटी टेक्निशियन असतो, कधी सिस्टर, रात्री कधी तुमच्याइतकाच नवा इंटर्न. प्रत्येक जण आपल्या समजुतीप्रमाणे दाबतो.

खरं तर गळ्यावरचा हात तीन वेगळ्या गोष्टी करू शकतो. सेलिक म्हणजे क्रिकॉइडवर दाब. थायरॉइड कार्टिलेजच्या (गळ्याच्या पुढच्या मोठ्या कूर्चेच्या) खाली बोटाला मऊ खळगा लागतो, त्याच्याही खाली जी कडक रिंग लागते ती क्रिकॉइड. ब्रायन सेलिकने १९६१ साली हे मांडलं ते पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. कॉर्ड्स चांगल्या दिसाव्यात हा त्याचा हेतू कधीच नव्हता. बर्प (BURP: बॅकवर्ड, अपवर्ड, राइटवर्ड प्रेशर) वेगळं. ते क्रिकॉइडवर नसून थायरॉइड कार्टिलेजवर द्यायचं असतं, आणि ते फक्त दिसण्यासाठीच असतं: मागे मणक्याकडे, वर डोक्याच्या दिशेने आणि पेशंटच्या उजवीकडे. तिसरी गोष्ट म्हणजे स्कोपी करणाऱ्याने स्वतःच्या उजव्या हाताने लॅरिंक्स (स्वरयंत्र) हलवून बघणं. तिच्याकडे पुढे येते.

आता माझा खरा मुद्दा. मी यात बराच काळ अडकून होते, म्हणून जरा जास्तच खोलात जाऊन सांगते.

रात्रीची सीझर घ्या. कॉर्ड प्रोलॅप्स (इथे कॉर्ड म्हणजे बाळाची नाळ, ती आधी खाली आलीय), स्पायनलला वेळ नाही, जीए (पूर्ण भूल) द्यायचं ठरलंय. पेशंट भरल्या पोटाची. प्रोपोफॉल (झोपवायला), स्कोलीन (स्नायू सैल करायला), सिस्टर सेलिक देताहेत. तुम्ही ब्लेड घालता आणि फक्त एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) दिसते. तोंडातून आपसूक निघतं, "सिस्टर, जरा अजून दाबा." त्या अजून दाबतात. आता एपिग्लॉटिसही नीट दिसेना. तुम्ही मनगट ताणता, मॉनिटरचा सूर उतरायला लागतो (सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, घसरतोय), मागून कुणीतरी म्हणतं, "सर्जन थांबलेत."

त्या क्षणी दाब वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. जोरात दाबलेलं क्रिकॉइड लॅरिंक्सला मागे ढकलतं, वाकडंही करतं. दाब मधोमध नसेल तर सगळं एका बाजूला सरकतं आणि तुम्ही जिथे बघताय तिथे काही उरतच नाही. दाब फारच वाढला तर वायुमार्गच अरुंद होतो: कॉर्ड्स जवळ येतात, ट्यूब पुढे सरकत नाही, मास्कने हवा जात नाही. शिवाय गरोदर किंवा जाड पेशंटच्या छातीवरून आलेला सिस्टरांचा हात हँडलला अडतो आणि ब्लेड नीट तोंडात जातच नाही. आपण मात्र दोष ब्लेडला देतो, नाहीतर स्वतःच्या हाताला.

म्हणून हे वाक्य पाठ करा: "सिस्टर, दाब थोडा कमी करा." सक्शन चालू ठेवून उशाखाली असू द्या, नजर आतच ठेवा, आणि दाब सुटताना काय होतंय ते बघा. पुरेसं नसेल तर म्हणा, "पूर्ण सोडा." डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या गाइडलाइन्समध्येही हेच आहे: लॅरिंगोस्कोपी अवघड जात असेल तर क्रिकॉइडचा दाब कमी करा, गरज पडली तर काढून टाका. याला धाडस म्हणत नाहीत, ही नियमाला धरून केलेली गोष्ट आहे. पेशंट प्रत्यक्ष उलटी करायला लागला तर दाब ताबडतोब सोडायचा, नाहीतर अन्ननलिका फाटायची भीती असते.

दुसरी गल्लत अशी की सेलिक चालू असतानाच कुणीतरी "बर्प पण दे" म्हणतं, आणि तोच हात क्रिकॉइडवरूनच वर-उजवीकडे ढकलायला लागतो. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं. सेलिकला बर्प जोडल्यावर दृश्य बिघडलं. दोन्ही एका हातात कोंबू नका.

आणि दिशा. तुम्ही पेशंटच्या डोक्याशी उभे असता, म्हणून पेशंटची उजवी तीच तुमची उजवी. तुमच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची उजवी मात्र उलटी. घाईत "उजवीकडे" ऐकून तो पेशंटच्या डावीकडे ढकलतो. ब्लेडने आधीच डावीकडे गेलेलं लॅरिंक्स आणखी डावीकडे जातं. "वर" म्हटलं की काही जण छताकडे उचलायला बघतात. उजवी-डावी सोडून द्या. पेशंटच्या उजव्या बाजूला उभ्या असलेल्याला "तुमच्याकडे ओढा, आणि हनुवटीकडे" असं सांगितलं तर कुणी चुकत नाही.

खरं सांगायचं तर मी आता कुणालाच आंधळेपणाने बर्प द्यायला सांगत नाही. ज्याला आत काही दिसत नाही त्याने बाहेरून अंदाजाने का ढकलायचं? माझा उजवा हात जीभ सारल्यावर मोकळाच असतो. तो मी थायरॉइडवर ठेवते, कधी थोडा वर हायॉइड हाडापाशी, आणि आत बघत बघत हलवते. मिलिमीटरभर सरकलं तरी फरक कळतो: आधी एपिग्लॉटिसच्या कडेखाली नुसता अंधार असतो, मग मागून अ‍ॅरिटेनॉइडचे (कॉर्ड्सच्या मागच्या टोकांच्या कूर्चांचे) दोन गुलाबी उंचवटे वर येतात आणि त्यांच्या पुढे पांढऱ्या कॉर्ड्सची टोकं दिसतात. कधी कधी बाहेरच्या दाबाने व्हॅलेक्युलात (जीभ आणि एपिग्लॉटिसमधल्या खळग्यात) ब्लेडचं टोक नीट बसतं आणि एपिग्लॉटिस आपोआप उचलली जाते. जागा सापडली की मदतनीसाची बोटं माझ्या बोटांखाली घ्यायची, त्यांना तिथेच दाबून दाखवायचं, "इथेच, एवढंच, हलू नका," आणि मग माझा हात ट्यूबसाठी मोकळा. लेव्हिटन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मृतदेहांवर तुलना केली. त्यातही स्वतःच्या हाताने केलेली ही पद्धत सेलिक आणि बर्प दोन्हींपेक्षा सरस ठरली, आणि त्या दोन्हींमुळे बऱ्याचदा दृश्य उलट बिघडलं.

मग सेलिक द्यायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. फ्रान्समधल्या आयरिस ट्रायलमध्ये, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,४७२ पेशंट होते. खरं सेलिक दिलेल्यांत अ‍ॅस्पिरेशन (पोटातलं फुप्फुसात जाणं) ०.६ टक्के, खोटं दिलेल्यांत ०.५ टक्के. कॉरमॅक-लेहेन ग्रेड ३ किंवा ४ (म्हणजे कॉर्ड्स न दिसणं) मात्र १० टक्के विरुद्ध ५ टक्के. तरी या आकड्यांवरून सेलिक निरुपयोगी ठरवू नका. अ‍ॅस्पिरेशनच इतकं कमी घडलं की "न दिलं तरी चालतं" हे त्या ट्रायललाही सिद्ध करता आलं नाही. तुमच्या युनिटमध्ये देतात तर द्या, पण नीट द्या. शुद्धीत असताना १० न्यूटन, शुद्ध हरपल्यावर ३०, म्हणजे सुमारे एक किलो आणि सुमारे तीन किलो. लेबर रूममधल्या बाळांच्या वजनकाट्यावर तीन बोटांनी दाबून बघा. आकडा बघितल्यावर बहुतेकांना कळतं की आपण एकतर फार जोरात दाबतो, नाहीतर नुसते बोटं टेकवून उभे असतो.

पहिले काही महिने तुम्हाला स्कोप कमी मिळेल आणि गळा धरायचं काम जास्त. कंटाळू नका. दुसऱ्याच्या स्कोपीला गळा धरताना बोटांखाली लॅरिंक्स कसं सरकतं ते जाणवतं, ते मॅनेक्विनच्या रबरी गळ्यात कधीच कळत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर सोन्याहून पिवळं: मदतनीसालाही स्क्रीन दिसते, तो स्वतः बघून हात सरकवतो. पण फक्त व्हिडिओवरच शिकायचं हा शॉर्टकट मला पटत नाही. लहान हॉस्पिटलात रात्री तो कपाटात कुलूपबंद असतो, नाहीतर नसतोच. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिप्सवर तर अजिबात विसंबू नका. त्यांत गळ्यावरचा हात चौकटीबाहेरच राहतो.

सीनियरबद्दलही एक सांगते. दोन सेकंदांत तुमच्या हातातून स्कोप काढून घेणारे सीनियर पेशंट वाचवतात, तुम्हाला मात्र काही शिकवत नाहीत. सॅच्युरेशन टिकून असताना स्वतःचं बोट तुमच्या बोटावर ठेवून "आता बघ" म्हणणारा एखादा लेक्चरर मिळाला तर त्यांच्या लिस्टला हावरटासारखे जा. सॅच्युरेशन घसरायला लागलं की मात्र मान-अपमान नको. ब्लेड काढा, मास्क लावा, सीनियरला बोलवा. त्यात कमीपणा काहीच नाही. पोझिशन सुधारा, कान आणि छातीची खाच एका रेषेत आणा, ग्रेड ३ असेल तर बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक काडी) घ्या. चांगल्या पोझिशननंतर गळ्यावर हात लावायची गरजच पडली नाही, असं पुष्कळदा होतं.

सेलिक दिलं असेल तर कफ फुगून ईटीसीओटूचा (सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा) आलेख दिसेपर्यंत सोडायचं नाही, आणि "सोडा" हे तुम्ही म्हणायचं. सिस्टर वाट बघत असतात, आपण विसरतो.

केस संपल्यावर नोट्समध्ये नुसतं "ग्रेड २" लिहू नका. सेलिकसकट काय दिसलं, दाब सोडल्यावर काय दिसलं, बाहेरून लॅरिंक्स हलवल्यावर काय दिसलं, हे वेगवेगळं लिहा. उदाहरणार्थ, "सेलिकसह ग्रेड ३, सोडल्यावर २बी, बाहेरून हलवल्यावर २ए, बुजीवर ७ नंबरची ट्यूब." त्याच बाईला पुढच्या खेपेला भूल देणाऱ्याच्या हातात तोच कागद असेल.