लांबलेल्या युद्धाविरोधात लोकांना एकत्र कसं आणायचं

आपलं सैन्य कुठेतरी परदेशात वर्षानुवर्षं लढतंय आणि इथे सगळ्यांना त्याची सवय झालीये, बातमी लागली तरी कोणी मान वर करत नाही, खरी अडचण ही असते. लोकांना युद्ध हवंच असतं असं नाही हो, आपण बोलून काय होणार असं वाटत असतं. म्हणून लगेच मोर्चाच्या मागे लागू नका.

१५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्ध नको म्हणून जगभरात शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि मार्चमध्ये युद्ध सुरू झालंच. मोर्चा वाया गेला असं मी अजिबात म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी या माणसांनी काय करायचं हे आधी ठरलेलं पाहिजे.

मागणी एकच ठेवा आणि ती अशी ठेवा की त्यावर संसदेत मतदान होऊ शकेल. "युद्ध थांबवा" याला सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. "अमुक तारखेनंतर या युद्धाला पैसा नको" म्हटलं की हो किंवा नाही सांगावंच लागतं. अमेरिकेच्या संसदेने १९७३ मध्ये १५ ऑगस्टनंतरचा पैसा तोडला तेव्हा कंबोडियावरची बॉम्बफेक थांबली. तुमच्याकडे हा पैसा कोण मंजूर करतं, कधी करतं ते शोधा आणि तुमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीला दर महिन्याला चार-पाच जणांनी जाऊन भेटा, हो म्हणेपर्यंत.

आता लोकांना जमवायचं कसं. १५ ऑक्टोबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धाविरोधात अमेरिकाभर जे झालं ते मला फार शिकण्यासारखं वाटतं, दिवस एकच पण प्रत्येक गावाने आपल्याला झेपेल तसं केलं, कुठे प्रार्थना, कुठे मेणबत्त्या, कुठे दंडावर काळी फीत, कुठे मेलेल्या सैनिकांची नावं वाचली.

नावं वाचायचा कार्यक्रम तर नक्की करा, खर्च काहीच नाही. दोघांनी आळीपाळीने वाचायचं, नाव, वय, गाव, मग दोन श्वास थांबायचं. मध्ये भाषण नको, घोषणा नको. एकोणीस, वीस, परत एकोणीस असं वय कानावर पडायला लागलं की मागे गप्पा मारणारे आपोआप शांत होतात. आणि ज्या देशात युद्ध चाललंय तिथल्या मेलेल्या साध्या माणसांचीही जितकी मिळतील तितकी नावं त्याच यादीत घ्या, वेगळी यादी करू नका.

सैनिकांना चुकूनही शिव्या देऊ नका. १९७१ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी स्वतःची पदकं संसदेच्या पायऱ्यांवर फेकली, त्यांना देशद्रोही म्हणणं अवघड जातं. पण परतलेल्या सैनिकाला किंवा मुलगा गमावलेल्या आईला बोलवायचं तर आधी घरी जाऊन नुसतं ऐका, त्यांना बोलायचं नसेल तर आग्रह करू नका.

परवानगी, वकिलाचा नंबर, गर्दी सांभाळणारे स्वयंसेवक हे आधीच बघून ठेवा. काही देशांत, उदाहरणार्थ रशियात २०२२ पासून, युद्धाविरुद्ध बोललं म्हणून तुरुंग होतो, तिथे किती धोका पत्करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, दुसऱ्याच्या वतीने कोणी धाडस दाखवू नये.

आणि दाराशी एक वही ठेवा. नाव, फोन, काय करू शकता. दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला फोन गेलाच पाहिजे, मेसेज नाही, फोन, आणि फोनवर पुढच्या भेटीची तारीख सांगायची.